जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोन-शून्य

वारंगा फाट्यावर आमच्या वडिलांचं, आबांचं, हॉटेल होतं आणि हॉटेलच्या मागे पत्र्याची एक लांबलचक शेड. वाटेत बिघडलेल्या ट्रकांचा माल उतरवून ठेवायला ड्रायव्हर ती शेड वापरत. कधी सोयाबीनची पोती असत, कधी फरश्या, एकदा तर आठ दिवस नुसते गाद्यांचे गठ्ठे होते आणि आम्ही भावंडं त्यांच्यावर मनसोक्त लोळलो होतो. हैदराबादकडच्या कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबचं स्नूकरचं टेबल असंच त्या शेडमध्ये उतरलं. ट्रकचा पाटा तुटला होता. टेबल अकोल्याच्या कुणा हौशी माणसाने घेतलं होतं आणि ते त्याच्याकडे बसवून द्यायला युसूफचाचा नावाचे एक म्हातारे कारागीर ट्रकमध्येच बसून आले होते. अकोल्याचा माणूस आज येतो, उद्या येतो म्हणत राहिला, मग त्याचे निरोप यायचेही थांबले. चाचा तीन आठवडे आमच्या बाकड्यावर बसून चहा पीत राहिले. शेवटी एका सकाळी आबांना म्हणाले, "सेठ, ऐसा पड़े पड़े लकड़ी ख़राब होती. खोल के बैठा दूँ क्या?" आबा म्हणाले, "बसवा की. जागा हाये."

ते टेबल बसणं हा फाट्यावरचा एक सोहळाच होता. आत दगडाच्या पाच फरश्या असतात हे आम्हाला कुठे माहीत होतं. एकेक उचलायला सहा-सहा माणसं लागली. टायरवाला, पानटपरीवाला, दोन क्लीनर, आबा स्वतः. त्या दगडांवर हिरवी बनात, म्हणजे ते जाड लोकरी कापड, ताणून बसवताना मात्र चाचांनी कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. मग पायांखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारत, मधोमध एक चेंडू ठेवून तो कुठे कलतो ते बघत त्यांनी दोन दिवस काढले. माय त्या दोन दिवसांत शेडसमोरून पाय न वाजवता जायची, घरात कुणी आजारी असल्यासारखी. चाचा तो हिवाळाभर राहिले. माझा थोरला भाऊ गजानन, म्हणजे आमचा गजूभाऊ, तेव्हा सतरा-अठराचा होता. त्याला त्यांनी काठी धरायला शिकवली, वाकायला शिकवलं, आणि थंडी सरता सरता आपलं बोचकं उचलून ते हैदराबादच्या गाडीत बसून गेले. अकोल्याचा माणूस पुढे कधीच आला नाही.

आमच्या घराची सकाळ सुशीलाच्या फोडणीने सुरू व्हायची. सुशीला म्हणजे भिजवलेले चुरमुरे, मोहरी, हिरवी मिरची, वरून शेंगदाण्याचा कूट. नांदेडकडून येणारे ड्रायव्हर खास त्यासाठी थांबत. फोडणीचा ठसका, ट्रकांचे भोंगे, टायरवाल्याचा हातोडा, आबांचं "दोन चहा, एक बिनसाखरेचा" आणि या सगळ्याच्या मागे, शेडमधून येणारा चेंडूवर चेंडू आपटल्याचा तो कोरडा, नेमका आवाज. आज रस्ता रुंद झालाय, हॉटेल मागे सरकलंय, आणि मी कळमनुरीत राहते. तरी कुठे टिचकीसारखा आवाज झाला की माझी मान आपोआप वळते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पंधरा लाल चेंडू असतात आणि सहा रंगीत. पांढऱ्याने मारून आधी एक लाल खिशात घालायचा, मग एक रंगीत, मग पुन्हा लाल. लाल संपले की रंगीत क्रमाने. सगळ्यात शेवटी सहा गुणांचा गुलाबी आणि मग सात गुणांचा काळा. ज्याचे गुण जास्त त्याची ती फ्रेम, म्हणजे तो डाव. पण निम्मा खेळ चेंडू घालण्याचा नसतोच. आपल्याला काही घालता येत नसेल तर पांढरा अशा जागी नेऊन ठेवायचा की समोरच्याला नीट मारताच येऊ नये. गजूभाऊला पहिला निम्मा आवडायचा. मला दुसरा.

आता डोळ्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मी सात वर्षांची असताना शेतातून आणलेल्या कापसाच्या पऱ्हाटीच्या ढिगाशी खेळताना एक वाळलेली काडी माझ्या डाव्या डोळ्यात गेली. नांदेडच्या डॉक्टरांनी डोळा वाचवला, नजर वाचली नाही. बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळत नसे. दोन्ही डोळे सारखे काळेभोर. दवाखान्यातून आल्यावर मायने आम्हा दोघांना देवापुढे उभं केलं आणि दिव्यावर हात धरायला लावले. "डोळ्याचं ह्या घराच्या बाहेर जानार न्हाई. पोरीची जात हाये. उद्या लग्नाला येनारे आधी डोळाच पाहतील." गजूभाऊने माझ्याआधी हात धरला होता. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता.

एका डोळ्याने सगळं दिसतं, पण कोणतं पुढे आणि कोणतं मागे, त्यांच्यात फट किती, ते लांबून कळत नाही. दोन चेंडू टेबलाच्या पलीकडच्या टोकाला शेजारी असले की मला ते चिकटलेलेच वाटत. मी पंधराची झाले आणि गजूभाऊबरोबर रोज खेळू लागले तेव्हा लांबचे फटके मी सारखे चुकायची. तो वैतागायचा. एक दिवस त्याने काठी भिंतीला टेकवली आणि माझ्याकडे बघत राहिला.

"वंदे, तुला तिकडची फट दिसत न्हाई, व्हय ना?"

मी नुसती मान हलवली. रडू आलं होतं.

"मंग तिकडं जाऊन पाहून ये की. टेबल कुठं पळून चाललं? जा, वाकून पाह्य, डोक्यात ठेव, मंग इकडं येऊन मार. कोनी इचारलं तर सांग, माझी सवयच हाये."

त्या दिवसापासून मी प्रत्येक अवघड फटक्याआधी टेबलाला वळसा घालून पलीकडे जायची, चेंडूंशी वाकून फट बघायची, आणि परत येऊन मारायची. बघणाऱ्यांना तो माझा रुबाब वाटायचा. ड्रायव्हर म्हणायचे, पोरगी इन्स्पेक्टरसारखी पाहनी करती. खेळात घाई असली की गजूभाऊ पलीकडे उभा राहून गालावर बोटं ठेवायचा. एक बोट म्हणजे फट आहे, दोन म्हणजे नाही. मला इतकं जपणारं माणूस घरात दुसरं नव्हतं. मायने जपलं ते झाकून. त्याने मला खेळायला लावून जपलं. हे मी आज इतक्या वर्षांनी, सगळं झाल्यावर लिहितेय, आणि तरी यातला एक शब्द कमी करावासा वाटत नाही.

मी एकोणीस वर्षांची असताना हिंगोलीत व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा ठरली. तिथल्या एका जिनिंगच्या मालकाला परगावी कुठेतरी हा खेळ बघून वेड लागलं होतं. त्याने आपल्या गावातलं एक मंगल कार्यालय पाच दिवस घेतलं, ट्रकमधून दोन टेबलं आणवली, आणि पुणे, मुंबई, इंदूर, नागपूर इथले बारा व्यावसायिक खेळाडू बोलावले. उरलेल्या चार जागा आसपासच्या जिल्ह्यांतल्यांसाठी होत्या, निवड फेरी घेऊन. त्या फेरीला चाळीसेक पोरं आली होती आणि मुलगी मी एकटी. चार जणांत गजूभाऊ निवडला गेला आणि मीही. आबांनी सेनगावच्या शिंप्याकडून दोघांना काळी बंडी शिवून आणली, कारण बाहेरचे खेळाडू तशी घालतात असं त्यांनी ऐकलं होतं. माझी बंडी पंजाबी ड्रेसवर काहीच्या काही दिसायची. मायने ती घातलेली बघून तोंडाला पदर लावला, हसू लपवायला.

पहिल्या फेरीत गजूभाऊची गाठ पुण्याच्या टिळेकरांशी पडली. तिशीचा, शांत, गोरा माणूस. आवाज कधी चढायचा नाही. पाच फ्रेमची लढत होती, तीन जिंकेल तो पुढे. टिळेकरांनी सव्वा तासात तीन-शून्य केलं. गजूभाऊने त्या सव्वा तासातला निम्म्याहून जास्त वेळ खुर्चीत बसून काढला. मागे आमचा सगळा फाटा बसला होता, साखऱ्याहून मामा जीप भरून माणसं घेऊन आले होते, आणि कुणाला कुठे टाळी वाजवावी ते कळत नव्हतं. दुपारी शेजारच्या टेबलावर मी नागपूरच्या एका खेळाडूला तीन-दोन असं हरवलं. कसं हरवलं ते मलाही नीट सांगता येणार नाही. तो मला हसण्यावारी नेत होता आणि मी पांढरा सारखा अडचणीत नेऊन ठेवत होते, एवढंच. मंगल कार्यालयात एकदम गलका झाला. मामांनी गजूभाऊच्या पाठीवर थाप मारली आणि हसत म्हणाले, "गज्या, आता बहिणीकडून शिकून घे लेका." सगळे हसले. गजूभाऊही हसला. मी त्याच्याकडे बघितलं होतं म्हणून सांगते, तो खरोखर हसला होता. निदान मला तसं वाटलं.

भिंतीवर लावलेल्या तक्त्यावर माझ्या नावाच्या समोर टिळेकरांचं नाव आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आमची लढत सुरू झाली. आधी मी घाबरलेली होते, पण टिळेकर लवकर घालायच्या मागे लागणारे खेळाडू होते आणि माझा सगळा जीव अडवण्यात. मी वळसे घालत, फटी बघत, पांढरा रंगीत चेंडूंच्या मागे दडवत राहिले. पहिली फ्रेम मी घेतली. दुसरीत त्यांचा एक साधा निळा चुकला आणि ती पण माझी झाली. दोन-शून्य. पंचांनी जेवणाची सुट्टी जाहीर केली. टिळेकरांनी काठी ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

मायने मागच्या अंगणात चटईवर डबा सोडला. धपाटे, दही, हिरव्या मिरचीचा ठेचा. आबा माझ्या पानात वाढत होते, हे त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. "गजू कुठं हाये?" मायने विचारलं. मी मान उंचावून पाहिलं. हात धुवायच्या नळांपाशी तो टिळेकरांबरोबर उभा होता. टिळेकर रुमालाने हात पुसत होते आणि गजूभाऊ काहीतरी सांगत होता, खाली मान घालून, हळू. मला बरं वाटलं. काल एवढा हरूनही तो त्या माणसाशी मोकळेपणाने बोलतोय, काही विचारून घेतोय, असं मनात आलं. "ते तिथं बोलून राहिले," मी मायला म्हटलं, आणि दुसरा धपाटा घेतला.

सुट्टीनंतर टिळेकर वेगळंच खेळू लागले. त्यांनी चेंडू घालायची घाई सोडली. प्रत्येक वेळी ते पांढरा माझ्या बाजूच्या काठाला चिकटवून ठेवत आणि लाल चेंडू पलीकडच्या टोकाला जवळजवळ, गर्दीत राहू देत. मला प्रत्येक फटका लांबचाच. मी पलीकडे जाऊन बघू लागले. दोनदा गेले, तीनदा गेले. चौथ्यांदा ते खुर्चीतून उठले आणि पंचांना शांतपणे म्हणाले, "प्रत्येक फटक्याला एवढा वेळ? खेळाची लय मोडते आहे. आपण लक्ष घालावं." पंच वयस्क गृहस्थ होते. त्यांनी मला जवळ बोलावलं. "बाळ, सारखं तिकडे जाऊन येता येणार नाही. ही ताकीद समज. पुन्हा झालं तर फ्रेम त्यांना द्यावी लागेल."

मी ती फ्रेम हरले. पुढचीही हरले. मला समोर चेंडू दिसत होते आणि त्यांच्यातलं अंतर दिसत नव्हतं. शिडीची एखादी पायरी काढून घेतली असावी आणि कोणती ते सांगू नये, तसा प्रत्येक फटका मारत होते. दोन-दोन. शेवटच्या फ्रेमला मी कशीबशी धरून राहिले. टेबलावर फक्त गुलाबी आणि काळा उरले तेव्हा मी चार गुणांनी मागे होते. दोन्ही घातले असते तर मी जिंकले असते. पांढरा माझ्या बाजूला काठाशी होता, गुलाबी पलीकडे खिशाजवळ, आणि काळा त्याच्या वाटेत किंचित आडवा. फट होती की नव्हती. दहा पावलं चालून गेले असते तर कळलं असतं.

मी गजूभाऊकडे पाहिलं. तो पलीकडच्याच बाजूला, पहिल्या रांगेत, बरोबर त्या खिशाच्या मागे बसला होता. त्याला त्या जागेवरून फट लख्ख दिसत असणार. खुणा करणं नियमात बसत नाही हे मला माहीत होतं, आणि तरी मी पाहिलं. शेडमध्ये चार वर्षं जसं पाहिलं तसं, सवयीने. त्याने माझ्याकडे बघितलं. मग त्याने मान वळवली आणि शेजारच्या माणसाला काहीतरी विचारू लागला.

मी फट आहे असं धरून मारलं. पांढरा गुलाबीऐवजी आधी काळ्याला लागला, म्हणजे फाऊल. पंचांनी सात गुण टिळेकरांना दिले, आणि पुढच्याच फटक्यात टिळेकरांनी गुलाबी घातला. उरलेल्या एका काळ्याने मला त्यांना गाठता येत नव्हतं. निकाल तीन-दोन.

त्यांनी हात पुढे केला. मी हात मिळवला. त्यांच्या डोळ्यांत खोटेपणा नव्हता, हे मी आजही म्हणेन. ते म्हणाले, "फार छान खेळलीस. एका डोळ्याने हे कसं जमवतेस, कमाल आहे. तुझ्या भावाने सांगितलं तेव्हा मला खरंच वाटेना. पुण्यात एक चांगले डॉक्टर आहेत, पत्ता देतो."

मी "हो" म्हटलं. मग बंडीची बटणं काढत बसले. चार बटणं होती, पण ती निघता निघेनात. फाट्याची माणसं येऊन पाठीवर हात फिरवत होती, लई भारी खेळली म्हणत होती. गजूभाऊनेही डोक्यावर हात ठेवला. त्याचा हात नेहमीसारखाच होता, जड आणि कोमट. मी त्याखालून डोकं काढून घेतलं नाही. मला वाटत होतं, टिळेकरांचं काहीतरी ऐकण्यात चुकलं असेल. जीपमध्ये येतानाही मी तेच जुळवत होते. डॉक्टरचं विचारायला गेला असेल, बोलता बोलता निघून गेलं असेल. आपल्या माणसाची बाजू आपणच मांडत बसतो. मी ती दोन दिवस मांडली.

टिळेकर पुढच्या दोन्ही लढती जिंकले आणि स्पर्धाही. बक्षीस समारंभाला आम्हाला सगळ्यांना बोलावलं होतं. माय बायकांच्या रांगेत बसली होती, तिच्या शेजारी सेनगावच्या एका घरची दोन माणसं होती. त्यांच्या मुलासाठी माझं बोलणं चाललं होतं आणि ती मुद्दाम मला बघायला आली होती. टिळेकरांनी ढाल घेतली आणि माईकवर आभार मानले. मग म्हणाले, "या स्पर्धेत मला सगळ्यात अवघड कोण गेलं असेल तर ती इथली मुलगी. डाव्या डोळ्याने दिसत नसताना ती असं खेळते, तिच्यासाठी जोरदार टाळ्या वाजवा." तीनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. काही जण उभे राहिले. जिनिंगच्या मालकाने मला हाताने खूण करून उठायला सांगितलं आणि मी उठले. मी तिथे उभी होते, टाळ्या चालल्या होत्या, आणि मला फक्त मायचा पदर दिसत होता. तो तिने डोक्यावरून पुढे, पार कपाळापर्यंत ओढला होता. सेनगावची माणसं एकमेकांकडे बघत होती. टाळ्या वाजवताना गजूभाऊ सगळ्यांत शेवटी थांबला.

घरी आल्यावर मायने चूल पेटवली नाही. आबा ओट्यावर बसून राहिले. माय स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि तिने विचारलं, "कोनी सांगितलं त्या मानसाला?"

गजूभाऊ पाणी पीत होता. त्याने तांब्या खाली ठेवला. मी त्याच्याकडे बघितलं. मी थांबले. चांगला लांब श्वास घेऊन सोडण्याइतकी थांबले. त्याने तांब्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"मीच सांगितलं," मी म्हटलं.

हे मी त्याग म्हणून केलं असं कुणाला वाटेल. नाही. मला इतकी खात्री होती की मी असं म्हटलं की तो लगेच म्हणेल, न्हाई माय, मी सांगितलं. मी त्याच्यासाठी दार उघडून धरलं होतं. आत यायचं फक्त त्याला होतं.

माय म्हणाली, "तू? दिव्यावर हात ठेवला व्हता तू." मग ती माझ्याशी बोललीच नाही, किती दिवस ते मोजलं नाही. गजूभाऊने तांब्या परत माठावर ठेवला आणि तो शेडकडे गेला.

सकाळी मी त्याला शेडमध्ये गाठलं. तो ब्रशने बनात साफ करत होता, एका दिशेने, चाचांनी शिकवलं होतं तसं.

"जेवनाच्या सुट्टीत सांगितलं तू त्यायला."

तो ब्रश फिरवत राहिला.

"मी दोन-शून्य व्हते, गजूभाऊ."

"त्या मानसानं मला तीन-शून्यानं हरवलं," तो म्हणाला. ब्रश थांबला होता. "समद्या फाट्यादेखत. साखऱ्याच्या लोकायदेखत. अन् तू त्याला हरवून राहिली व्हती. मंग मी कोन झालो असतो, वंदे? तूच सांग."

"अन् काल? माय इचारत व्हती तवा काहून बोलला न्हाई?"

"तू बोलली ना आधी," तो म्हणाला. एवढंच. आणि पुन्हा बनात साफ करू लागला.

मला रागाने काहीतरी करावंसं वाटलं, काठी मोडावी, ती हिरवी बनात फाडावी. मी काहीच केलं नाही. त्याचं ते वाक्य बरोबर होतं. मीच आधी बोलले होते.

सेनगावहून नकार आला. त्यानंतर आणखी दोन ठिकाणांहून आला, कारण टाळ्यांची गोष्ट दूरवर गेली होती. तीन वर्षांनी कळमनुरीच्या एका शाळामास्तरांनी मला होकार दिला. ते म्हणाले, डोळ्याचं आधीच माहीत आहे, म्हणजे आता लपवण्यासारखं तुमच्याकडे काही उरलं नसेल. त्यांच्याबरोबर माझं बरं चाललं आहे. लग्नाआधी मी नांदेडला एक स्पर्धा खेळले. पंचांना सुरुवातीलाच माझ्या डोळ्याचं सांगितलं आणि त्यांनी मला हवे तितके वळसे घालायची मुभा दिली. उपांत्य फेरीपर्यंत गेले. सोबतीला आबा आले होते. गजूभाऊ आला नव्हता, आणि मी त्याला सांगितलंही नव्हतं.

तो हॉटेल सांभाळायला लागला. गिऱ्हाईक शेडमधलं टेबल बघून विचारायचं, तेव्हा तो सांगायचा, "आमी बी खेळलो की. हिंगोलीत मोठी स्पर्धा झाली व्हती. मी हरलो, पन चॅम्पियनकडून हरलो." माहेरी गेले की माझ्या कानावर ते यायचं. तो हे आनंदाने सांगायचा, त्यात काही खोटं नव्हतं. माझ्याही बाबतीत ते तितकंच खरं होतं, पण मला ते वाक्य कधी तोंडून काढता आलं नाही. आता फोनवर कुठल्या कुठल्या देशातल्या स्पर्धांचे निकाल येतात. मी ते वाचते. दोन नावं आणि त्यांच्यासमोर दोन आकडे. मास्तर विचारतात, चांगली झाली का लढत? मी म्हणते, यावरून कळत नाही.

आम्ही भांडलो नाही, हेच कदाचित सगळ्यात वाईट झालं. त्याच्या मुलांच्या लग्नात मी ओटी भरली, दर राखीला गेले. तो मला पोचवायला फाट्यावर यायचा, खिडकीतून पाण्याची बाटली द्यायचा. आबा गेले तेव्हा तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. त्या वेळीही माझ्या मनात आलं, आता बोलेल. रडून झाल्यावर त्याने तोंड धुतलं आणि मंडपवाल्याला फोन लावला.

माय गेल्या वर्षी गेली. शेवटचे चार दिवस ती गजूभाऊच्या घरी खाटेवर होती आणि मी तिच्या उशाशी. एका दुपारी ती चांगली शुद्धीवर होती. मी तिला चमच्याने पेज भरवत होते, गजूभाऊ खाटेच्या पायथ्याशी बसून तिचे पाय दाबत होता. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वंदे, तुला सांगायचं नव्हतं मला कधी. पन तू ते डोळ्याचं बोलली नसती तर सेनगावचं घर लई चांगलं व्हतं. मी तुला माफ केलं बरं. मनात ठेवू नको."

खोलीत आम्ही तिघंच होतो. पंखा चालू होता. मी गजूभाऊकडे पाहिलं नाही. पेजेच्या वाटीकडे बघत बसले आणि वाट पाहिली. या वेळी मी काहीच बोलले नव्हते. आधी बोलायची संधी पूर्ण त्याची होती.

त्याने मायचे दोन्ही पाय सरळ केले, त्यांच्यावर पांघरूण ओढलं आणि मला विचारलं, "डाक्टर किती वाजता येतो म्हनला?"

"पाचला," मी म्हटलं.